अप्पांच्या होडीतलं पाणी

होडी पाण्यात ठेवतात, एवढं मला बीड जिल्ह्यात जन्मूनसुद्धा ठाऊक होतं. आमच्या अप्पांकडे मात्र पाणी होडीत ठेवलेलं असायचं.

दर मंगळवारी अप्पांचं कापडाचं दुकान बंद. त्या दिवशी अप्पा परसात दोन ओंडक्यांवर चढवलेली आपली होडी बोअरच्या पाण्यानं काठोकाठ भरायचे. मग कोरड्या मलमलीचा तुकडा घेऊन, धोतर वर खोचून, हा पंचावन्न वर्षांचा माणूस तिच्याखाली सरपटत शिरायचा आणि तळाला वीत वीत अंतरावर तो तुकडा टेकवत जायचा. जरा कुठं ओल लागली की खालून हाक यायची.

"मास्तर! हितं बघा, हितं पाझरायली!"

मी वरच्या गॅलरीत तोंडाला साबण फासून दाढी करत असायचो. "अप्पा, तुमचाच घाम असंल तो."

"आन समजा नसला तर?"

गावात नळाला एक दिवसाआड पाणी, बायाबापड्या घागरी घेऊन रांगेत, आणि इथं हा गृहस्थ चांगलं पाणी होडीत ओतून ते बाहेर येतंय का ते बघतोय! त्यातल्या त्यात बरं एवढंच, की तपासणी झाली की अप्पांच्या पत्नी, आक्का, त्याच पाण्यात चादरी भिजवायच्या. उरलेलं म्हशीला. "त्या बयेचा तेवढाच उपेग," असं त्या म्हणायच्या. होडीला त्या होडी कधी म्हणाल्या नाहीत. 'ती बया'च.

मी तेव्हा वडवणीच्या पोस्टात पोस्टमास्तर होतो आणि अप्पांच्या माडीवर भाड्यानं राहत होतो. मूळचा नेकनूरचा. स्वभावानं चिडका. हे माझं मत नाही, बायकोचं आहे. पण अप्पांशेजारी शंकराची पिंडसुद्धा चिडली असती.

'समजा' हा त्यांचा शब्द. एसटीनं बीडला निघाले की पिशवीत दोन वेळची भाकरी, कारण समजा गाडी मधेच बंद पडली तर? गावात पहिला एसटीडी बूथ निघाला, तेव्हा धारूरला दिलेल्या थोरल्या लेकीला फोन करायला म्हणून गेले, अर्धा तास रांगेत उभे राहिले आणि नंबर लागल्यावर परत आले. का? तर समजा तिकडं कुणी उचललाच नाही, तर उगा जिवाला घोर! दुकानात गिऱ्हाइकानं सदऱ्याला कापड मागितलं की समजा धुतल्यावर आटलं तर, म्हणून दर मीटरमागं चार बोटं कापड जास्त द्यायचे. ही चार बोटं त्यांच्या वडिलांपासूनची. गज ठेवायचा, कापड ताणायचं, पुढं चार बोटं टेकवायची आणि टर्रकन फाडायचं. हाताला इतकं वळण पडलेलं की जेवताना पापडसुद्धा तसेच मोडायचे.

अशा माणसानं होडी का घ्यावी?

त्याला कारण कापडच. व्यापाऱ्यांच्या टोळीबरोबर अप्पा मुंबईला माल आणायला गेले होते, तिथून चार दिवस कोणाच्या तरी ओळखीनं मालवणकडे गेले. बाकीचे समुद्र बघत होते. अप्पा शीड बघत होते. मला त्यांनी हे किमान वीस वेळा सांगितलं असेल. "मास्तर, येवढं मोठं कापड! शिवण न्हाई तर काज न्हाई. आन लाकडाला वढून न्यायलंय!" त्यांनी त्या होडीवाल्याला पहिला प्रश्न विचारला तो "पन्हा किती?" म्हणजे कापडाची रुंदी किती, हा. होडीवाले दाजी नावाचे एक म्हातारे सद्गृहस्थ होते. त्यांना आयुष्यात शिडाचा पन्हा कुणी विचारला नव्हता. ते खूश झाले. त्यांनी चार दिवस अप्पांना होडी चालवायला शिकवलं आणि शेवटी आपली एक जुनी लहान होडी विकली. ती कापडाच्या गठ्ठ्यांबरोबर ट्रकमधून वडवणीला आली.

ती उतरवताना सगळा बाजार जमला होता. "अप्पा, गव्हाण लई मोठी घेतली की! म्हशी किती वाढवायल्यात?" कुणीतरी ओरडलं. अप्पा ट्रकखाली वाकून, उतरवताना तळ कुठं खरचटला का, ते बघत होते.

जुनं शीड विरलेलं होतं. नवं अप्पांनी स्वतः केलं. त्या दिवसांत पोरं तयार शर्ट-पँटी घालायला लागली होती, गच्च्यांवर डिशा आल्या होत्या, आणि फळीवरच्या मांजरपाटाला कुणी विचारत नव्हतं. अप्पांनी तोच काढला. दाजींनी कागदावर मापं लिहून दिली होती. अप्पांनी गज ठेवला, कापड ताणलं आणि दर मीटरमागं चार बोटं टेकवून फाडलं. लक्षातच आलं नाही हो! शिवून झालं तेव्हा शीड डोलकाठीपेक्षा चांगलं हातभर मोठं. पहिल्यांदा परसात उभारलं आणि दुपारचं वारं आलं, तर होडी ओंडक्यांवरून सुटली आणि आंघोळीचा बंब लवंडून भिंतीला जाऊन टेकली. आक्का दारात उभ्या होत्या. "बया लई चालायली," एवढंच म्हणाल्या.

शीड मात्र कापलं नाही. गिऱ्हाइकाला दिलेलं कापड परत कसं घ्यायचं, असं अप्पांचं म्हणणं. गिऱ्हाईक कोण, तर होडी!

बरं, हे एकटे नव्हते. दाजींनी आपल्या जुन्या होड्या आणखी चार जणांना विकल्या होत्या. एक पुण्याकडचे डॉक्टर, एक साखर कारखान्यातले केमिस्ट, असे. दाजी धरून या सगळ्यांची मिळून एक वही होती. जाड पुठ्ठ्याची. ज्याच्याकडे ती रजिस्टर पार्सलनं यायची त्यानं होडीचं काय काम केलं, नवीन काय घेतलं, घरच्या मंडळींना घेऊन कुठं फिरून आला, ते लिहायचं आणि पुढच्याला पाठवायची. दोन महिन्यांतून एकदा ती वडवणीला पोचायची आणि मग आठ दिवस अप्पा दुकानात कमी नि वहीत जास्त असायचे. संध्याकाळी आक्कांना मोठ्यानं वाचून दाखवायचे. डॉक्टरांनी पितळी कड्या बसवल्या. केमिस्टाच्या धाकट्या मुलीला होडी लागली. आक्का भाकरी थापत ऐकायच्या. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं.

अप्पा काय लिहितात हे मला ठाऊक नव्हतं. आपल्याकडे पोस्टाचा नियम म्हणजे नियम. मी वजन करायचो, तिकिटं लावायचो, पावती फाडायचो. काय लिहीत असतील त्याचा अंदाज होता: डांबर लावलं, फटींत लांबी भरली, दोनशे हात नायलॉनचा दोर घेतला, ट्रकची ट्यूब घेतली, शिट्टी घेतली. चार वर्षं हेच चाललेलं. होडीनं माजलगावचं धरण काही बघितलं नव्हतं.

पोस्टकार्डाची गोष्ट वेगळी. ते उघडंच असतं, माणसाचे डोळेही उघडे असतात. एका शुक्रवारी दाजींचं कार्ड आलं. "आपल्या सहलींची वर्णने वाचून जीव राहवत नाही. येत्या गुरुवारी सकाळी पोहोचतो. वहिनींच्या हातचे धपाटे घेऊन आपल्या नेहमीच्या बेटापर्यंत जाऊ."

नेहमीच्या? मी कार्ड दोनदा वाचलं. मग स्वतःच नेऊन दिलं.

अप्पांनी ते वाचलं आणि गादीवर बसले ते बसलेच. हातातला गज खाली पडला तरी उचलला नाही. तोंड असं झालं, की मला वाटलं कोणी गेलं-बिलं की काय.

"मास्तर, इज्जत गेली माझी."

मग सगळं बाहेर आलं. पहिल्या वर्षी अप्पांनी खरं लिहिलं होतं: दुरुस्ती चालू आहे. दुसऱ्या वर्षीही लिहिलं: दुरुस्ती चालू आहे. बाकी सगळे बायकापोरांना घेऊन फिरतायत. तिसऱ्या वर्षी त्यांचा हात वळला आणि त्यांनी एक सहल लिहिली. छोटीशी. मग आणखी एक. आता बारा-तेरा झाल्या होत्या.

मी चिडलो. मला खोटेपणाचा राग येतो. "तार करा," म्हणालो. "होडी बुडाली म्हणून कळवा. विषय संपला."

"आन समजा खरंच बुडाली तर?"

"मग आक्का आजारी आहेत म्हणा."

ते ताडकन उठले. "मास्तर! तसं बोलायचं न्हाई. समजा खरंच..." पुढचं त्यांनी गिळलं. मला माझीच लाज वाटली.

"अहो, मग एवढ्या चार वर्षांत एकदा तरी घालायची होती पाण्यात. कावून न्हाई घातली? भीती वाटते?"

"एकटा असतो तर कवाच गेलतो," अप्पा म्हणाले. "माझं काय! पण पयल्यांदा तिलाच न्यायचं ठरवलंय मी. आन ती बसायची म्हणलं की मला भोकंच दिसायलीत हो. रोज नवं."

पोस्ट उघडं टाकून आलोय, असं काहीतरी पुटपुटून मी निघालो.

अप्पांनी जेवण सोडलं. शनिवारी अर्धी भाकरी, रविवारी नुसतं ताक. सोमवारी त्यांचा उपासच. दुपारी ते दुकानात असताना आक्का पदराखाली काहीतरी घेऊन पोस्टात आल्या. वही होती.

"मास्तर, ह्येंचं कायतरी बिघडलंय. ह्या वहीतच हाय ते. दुसऱ्याचं मला सगळं वाचून दावतेत, सवताचं पान आलं की वही झाकतेत. वाचा बरं."

"आक्का, दुसऱ्याचं लिखाण..."

"पाकिटात हाय का? तिकीट लावलंय का? मग? वाचा."

नियमात बसत होतं. मी उघडली. अप्पांचं अक्षर मोठं, वळणदार, दुकानाच्या पाटीसारखं. मी वाचायला लागलो.

"मंगळवारी कुटुंबासह धरणावर गेलो. कुटुंबाला डाव्या अंगाला बसविले, कारण सकाळचे ऊन उजवीकडून येते. शीड फिरताना डोके वाकवावे हे आधी सांगून ठेवले होते, तरी मी मधे हात धरला. जास्तीचे कापड कुटुंबाच्या मांडीवर राहते, त्याने वारे बाधत नाही. बेटाजवळ धपाटे खाल्ले. घरी कुटुंब मला वाढते व मागून जेवते. होडीत ताट एकच, म्हणून बरोबर जेवलो."

मी थांबलो. आक्का काउंटरच्या लाकडावर नख फिरवत होत्या.

"येका ताटात?"

"तसं लिहिलंय."

"पस्तीस वर्सं झाली, मास्तर. मी जेवतानी ह्येंनी मला बघितलं तरी आसंल का?" मग हळूच म्हणाल्या, "आन मी काय बोलले म्हणून लिवलंय?"

मी पुढची ओळ शोधली. "परत फिरावे असे मी म्हणालो. कुटुंब म्हणाले, अजून थोडे पुढे जाऊ."

"मी आसं म्हणले?"

"लिहिलंय खरं."

आक्कांनी विचार केला. चांगला विचार केला. "म्हणले आसते," त्या म्हणाल्या, आणि वही पदराखाली घेऊन उठल्या. दारातून वळून म्हणाल्या, "पाव्हणा गुरुवारी यायलाय न्हवं? उद्या मंगळवार. उद्या मी बसणार त्या बयेत. त्याच्यासमोर मला खोटं बोलता यायचं न्हाई."

मंगळवारी मी रजा टाकली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खाली कापडाचे तागे, त्यावर होडी, होडीत अप्पा. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला "हळू बे, हळू!" असं ड्रायव्हरला ओरडत. आक्का पुढं ड्रायव्हरशेजारी डबा मांडीवर घेऊन, जशी काही रोजची सवय. माजलगावच्या धरणाचं पाणी समोर आलं तेव्हा अप्पांनी खिशातून मलमल काढली. उन्हाळा लागत होता, पाणी मागं सरलेलं, तरी आमच्यासारख्यांना ते पुष्कळ होतं.

होडी पाण्यात ढकलली. बुडाली नाही. अप्पांनी आत उतरून मलमल टेकवून बघितली. मग त्यांनी आक्कांच्या कमरेत ट्रकची ट्यूब घालायला घेतली.

"ह्यात बसले तर होडीत कशी बसू? ठिवा तिकडं."

"समजा..."

"समजा-बिमजा काय न्हाई. कुठं बसू? डाव्या अंगाला न्हवं?"

अप्पांनी एकदम माझ्याकडे बघितलं. मी काठावर बसलेल्या भोयांची मासे धरायची जाळी बघत होतो. त्यांनी आक्कांकडे बघितलं. चेहरा कानापर्यंत लाल. मग हात देऊन त्यांना डाव्या अंगालाच बसवलं.

शीड उभारलं. जास्तीचं हातभर कापड खाली लोळत होतं. आक्कांनी ते मांडीवर ओढलं, लुगड्याच्या निऱ्या घालाव्यात तशा भराभर निऱ्या घातल्या आणि डब्याच्या फडक्याचा काठ फाडून त्यानं बांधून टाकलं. आता शेवटचा बंदोबस्त. नायलॉनचा दोनशे हात दोर. एक टोक होडीच्या कडीला, दुसरं माझ्या मनगटाला.

"मास्तर, समजा वाऱ्यानं नेली, तर वढून घ्या आमाला. हयगय करू नका."

म्हणजे पोस्टातला एक जबाबदार नोकर भर उन्हात काठावर उभा, आणि त्याच्या मनगटाला बांधून हे जोडपं सहलीला! भोई हसायला लागले. मला राग आला, पण दोर धरला. घट्ट धरला.

वारं आलं. शीड फुगलं. इतकं कापड एकदम जिवंत झालेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. होडी निघाली, दोर सरसर सुटत गेला, आणि माझ्या मनगटाला हिसका बसून ती थांबली. अप्पांचा आवाज पाण्यावरून स्पष्ट आला.

"बास. फिरू आता माघारी."

आणि मग आक्कांचा. "आजून थोडं फुडं जाऊ."

त्या वाकल्या. कडीची गाठ सोडली. दोर सैल होऊन पाण्यात पडला आणि होडी गेली. बेटाला वळसा घालून दिसेनाशी झाली.

आता सांगतो ते कुणाला सांगू नका. मी रडकुंडीला आलो. हातात दोनशे हात ओला दोर, समोर नुसतं पाणी, आणि मला पोहता येत नाही. समजा शीड पलटलं तर? समजा अप्पांना दिशाच कळली नाही तर? लेकींना काय सांगू? काठानं इकडून तिकडं किती फेऱ्या मारल्या असतील!

"मास्तर, बसा की," एक भोई म्हणाला. "बेटापाशी छातीयेवढं बी पाणी न्हाई."

"आणि समजा पाय घसरला तर?" मी खेकसलो. तो बिचारा जाळी उचलून लांब जाऊन बसला.

दोन तासांनी शीड दिसलं. अप्पांची टोपी उडालेली, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. आक्कांच्या डोक्यावरचा पदर खाली आलेला होता आणि त्यांनी तो सावरला नव्हता. मला इतकं बरं वाटलं की मी दोघांवर ओरडलो. दोघांनी ऐकून घेतलं. मग आक्का काठावर बसल्या आणि ताट घासायला लागल्या. एकच होतं.

गुरुवारी दाजी आले, धपाटे खाल्ले, बेटापर्यंत जाऊन आले. निऱ्या घातलेलं शीड बघून म्हणाले, "जोराच्या वाऱ्यात आम्हीही असंच बांधतो. हे तुम्हांला कुणी शिकवलं?" अप्पांनी आक्कांकडे बोट केलं. जुन्या सहलींबद्दल आक्कांना काही विचारलंच गेलं नाही. खोटं बोलायची वेळ आली नाही, म्हणून त्या सुटल्या आणि मीही सुटलो.

पुढच्या आठवड्यात अप्पा वही पाठवायला पोस्टात आले. पार्सल अजून शिवलेलं नव्हतं. पहिल्यांदाच त्यांनी वही उघडून माझ्यापुढं सरकवली. बेटामागं दोन तास काय झालं ते आता कळेल, म्हणून मी चष्मा लावला. बारा-तेरा सहली पानं पानं भरून लिहिणाऱ्या माणसानं या वेळी दोन ओळी लिहिल्या होत्या.

"मंगळवारी धरणावर गेलो. सौ. काशीबाई सोबत होत्या."

आक्कांचं नाव मला भाऊबीजेला त्यांच्या भावाची मनीऑर्डर यायची त्यावरून ठाऊक होतं. अप्पांच्या तोंडून किंवा हातून मात्र ते कधी निघालेलं नव्हतं.

"मास्तर," अप्पा काउंटरवर वाकून कुजबुजले, "नाव घातलंय मी. चारचौघं वाचणार. समजा तिला आवडलं न्हाई तर?"

"अप्पा, त्यांना कुठं वाचता येतं? कळायचं नाही."

"तसं कसं? वाचून दावलं की मी तिला. काल सांच्याला."

"मग? काय म्हणाल्या?"

अप्पांनी वही जवळ ओढली आणि तिच्यावरची नसलेली धूळ पुसली.

"काय न्हाई. पुना एकदा वाचा, म्हणली."